‘ताप तर नव्हताच!’ : शुगरवाल्या ज्येष्ठांचा फ्लू, तुमचे प्रश्न

पावसाळ्याच्या अंकासाठी प्रश्न मागवले तेव्हा वाटलं डेंग्यू येईल, लेप्टो येईल, पोटाची दुखणी येतील. आलीच. पण बरीचशी पत्रं एकाच छापाची निघाली, म्हणजे घरात सत्तरी ओलांडलेलं कुणीतरी, शुगर जुनी, साधा सर्दी-खोकला म्हणून सुरू झालं आणि आठवडा संपायच्या आत आयसीयूच्या बाहेर बाकड्यावर बसायची वेळ. म्हणून यावेळचं अख्खं सदर त्यालाच देऊन टाकलंय. नावं काढलीत, पत्रं थोडी कापलीत. आणि आधीच सांगते, इथे बसून मी कुणाच्याही आईवडिलांचा डोस ठरवू शकत नाही, तो समोर पेशंट असलेल्या डॉक्टरांनीच ठरवायचा. आत काय चाललेलं असतं आणि डॉक्टर असं का वागतात एवढं सांगू शकते.

प्रश्न : मॅडम, माझे वडील ७६ वर्षांचे, शुगर वीसेक वर्षांपासून. गणपतीच्या आधी दोन दिवस जेवण सोडलं, नुसते झोपून राहायचे, तिसऱ्या दिवशी मला काकांच्या नावाने हाक मारायला लागले आणि बाथरूमला जाताना पडले. ताप अजिबात नव्हता, मी स्वतः थर्मामीटर लावला होता. खोकलाही नावालाच. आम्हाला वाटलं लकवा झाला की काय. गावातल्या डॉक्टरांनी शुगर बघितली ती ४१०, सलाईन लावली, अँटिबायोटिक दिलं. दुसऱ्या दिवशी धाप लागली म्हणून साताऱ्याला ऍडमिट केलं, तिथे स्वॅबमध्ये फ्लू निघाला, एच३एन२ प्रकारचा. आता घरी आलेत. पण ताप नसताना फ्लू कसा काय? आमच्याकडून उशीर झाला का?
(वाईहून एक मुलगा)

उत्तर : ताप व्हायरस आणत नाही हो, ताप आपलं शरीर आणतं. व्हायरस आत आला की प्रतिकारशक्ती जी आरडाओरड करते त्यातून ताप चढतो, आणि वय झालं की ही आरडाओरडच कमी होते. वर म्हाताऱ्या माणसांचं नेहमीचं तापमानही जरा कमी असतं, कुणाचं ९७ असतं, मग त्यांना ९९ भरलं तरी तो त्यांच्यासाठी ताप आहे, आपण मात्र शंभर झाले नाहीत म्हणून निर्धास्त. आणि गुडघेदुखीसाठी रोज पॅरासिटामॉल घेणारे आजीआजोबा तर घरोघरी आहेत, त्यांचा ताप थर्मामीटरला दिसायच्या आधीच दबलेला असतो.

मग या वयात फ्लू दिसतो कसा? तुम्ही लिहिलंय तसाच. जेवण सुटतं, दिवसभर ग्लानी, बोलण्यात गोंधळ, तोल जाऊन पडणं, कधी अचानक कपड्यात लघवी व्हायला लागते, आणि शुगर कारण नसताना वर जाते. खाणं कमी झालंय, गोळ्या चुकलेल्या नाहीत आणि तरी शुगर दीडशेची साडेतीनशे झालीये, तर शुगरला दोष देत बसायचं नाही, कुठेतरी इन्फेक्शन आहे हे गृहीत धरायचं. लघवीचं असेल, पायाच्या जखमेचं असेल, छातीचं असेल, पण शोधायचं.

गोंधळलेपणाची कारणं एकापेक्षा जास्त असतात. शुगर वाढली की लघवी वाढते, त्यातून पाणी जातं, म्हातारपणी तहान कळत नाही म्हणून ते भरून निघत नाही, रक्त घट्ट होत जातं. शुगर ६०० च्या पुढे गेली की माणूस नुसत्या याच कारणाने बेशुद्धीपर्यंत जाऊ शकतो. दुसरं म्हणजे ऑक्सिजन कमी पडणं, आणि ते बाहेरून दिसेलच असं नाही. कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात पडून असेल तो काढा, सेल बदला. बोट गरम करून, नेलपॉलिश असेल तर पुसून लावा आणि मिनिटभर आकडा स्थिर होऊ द्या. ९४ च्या खाली असेल तर घरी थांबायचं नाही. आणि श्वास मोजा, पूर्ण मिनिट, त्यांना न सांगता, कारण सांगितलं की लोक वेगळा श्वास घेतात. झोपून असताना मिनिटाला २४ च्या वर जात असतील तर ते नॉर्मल नाहीये. बाकी लकव्याची शंका आली तर कुठलंही अनुमान काढत बसू नका, सरळ हॉस्पिटल, ती शंका तुमची बरोबरच होती.

उशिराबद्दल विचारलंत. दोन दिवस गेले हे खरं, पण ताप नसताना फ्लू आठवायला हवा होता असं मी घरच्यांना म्हणणार नाही, ते आठवायचं काम आम्हा डॉक्टर लोकांचं. पुढच्या वेळी एकच खूण लक्षात ठेवा: घरात नातवाला सर्दी-खोकला झालेला आहे आणि दोन-तीन दिवसांत आजोबा सुस्त पडले, तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा की घरात खोकला आहे, फ्लू असेल का बघता का. नुसत्या या एका वाक्याने तपासणीची दिशा बदलते.

प्रश्न : आईला (७१, शुगर, बीपी) थंडी-खोकला झाला, ताप १०१. डॉक्टरांनी स्वॅब घेतलाच नाही आणि लगेच फ्लूची गोळी सुरू केली, दिवसातून दोनदा पाच दिवस. माझ्या बायकोला तीच लक्षणं तर तिला नुसती पॅरासिटामॉल आणि घरी बसा. रिपोर्ट नसताना औषध देणं बरोबर आहे का? आमचे शेजारी म्हणतात स्वाइन फ्लूची गोळी आहे, फार स्ट्राँग असते.
(नाशिक)

उत्तर : तुमचे डॉक्टर बरोबर आहेत, दोघींच्याही बाबतीत. आपल्याकडे सरकारी नियमावलीत फ्लूच्या पेशंटचे अ, ब, क असे गट पाडलेले आहेत. साधा ताप-खोकला, बाकी तब्येत ठणठणीत, तो अ गट, त्याला टेस्टही नको आणि फ्लूचं औषधही नको, तुमची बायको तिथे बसते. तीच लक्षणं पण वय ६५ च्या वर किंवा शुगर, दमा, किडनी, हृदयविकार, गरोदरपण असं काही, तो ब गट. त्यांना टेस्टची वाट न बघता ओसेलटामिवीर, म्हणजे हीच फ्लूची गोळी, सुरू करायचं. आणि धाप, छातीत दुखणं, ग्लानी, बीपी उतरणं, थुंकीतून रक्त, नखं निळी पडणं यातलं काही दिसलं की क गट, म्हणजे ऍडमिट, टेस्ट आणि औषध तिन्ही एकदम. तुमच्या आई वयानेही ब मध्ये आणि शुगरनेही.

घाई कशाची, तर हे औषध व्हायरसला मारत नाही, नवीन तयार झालेल्या व्हायरसला पेशीतून सुटून बाहेर पडू देत नाही. म्हणजे जितक्या लवकर तितका उपयोग, पहिल्या ४८ तासांत सगळ्यात जास्त. रिपोर्टसाठी दोन दिवस थांबलात तर ते ४८ तास रिपोर्टच्या लाइनीतच संपतात. मात्र ४८ तास उलटलेत म्हणून आता देऊन उपयोग नाही, हे ऍडमिट झालेल्या पेशंटला लागू होत नाही. हॉस्पिटलात दाखल करावं लागलं असेल तर चौथ्या-पाचव्या दिवशीही देतात.

स्ट्राँगबिँग काही नाही. मळमळ-उलटी होते काहींना, जेवणाबरोबर घेतलं की कमी होते. एक गोष्ट मात्र महत्त्वाची: हे औषध किडनीतून बाहेर पडतं, आणि वीस वर्षं शुगर असलेल्या माणसाची किडनी किती काम करते ते चेहऱ्यावरून कळत नाही, त्यामुळे क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, शेवटचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. नेहमीचा डोस ७५ मिलिग्रॅम दोनदा, पण किडनी कमजोर असेल तर तो कमी करावा लागतो. म्हणूनच शेजारच्यांची उरलेली पट्टी आपल्या आईला द्यायची नाही.

आणि ते स्वाइन फ्लू प्रकरण. २००९ साली तो नवा होता, देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, शाळा बंद, तोंडाला रुमाल, तपासणीला रांगा, हे ज्यांनी बघितलंय त्यांच्या डोक्यातून तो शब्द जात नाही. पण तोच एच१एन१ आता दरवर्षी येणाऱ्या नेहमीच्या फ्लूंपैकी एक झालाय. शेजारी दचकतात ते त्या नावाला. पंचाहत्तरीच्या मधुमेही माणसाला एच१एन१ काय आणि एच३एन२ काय, दोन्ही सारखेच गंभीरपणे घ्यायचे, म्हाताऱ्यांना एच३एन२ तर जास्तच छळतो.

प्रश्न : शुगर वाढली म्हणून फ्लू वाढला की फ्लू वाढला म्हणून शुगर? हॉस्पिटलात बाबांची शुगर रोज १६०-१७५ असते आणि डॉक्टर म्हणतात ठीक आहे. घरी ११० ठेवायचो आम्ही! एवढी बिलं घेतात आणि शुगर कंट्रोल करता येत नाही?
(नागपूर, रागावलेली मुलगी)

उत्तर : राग समजू शकते, पण इथे मी डॉक्टरांच्या बाजूने आहे.

आधी पहिला भाग. दोन्ही खरं आहे आणि तोच तर घोळ आहे. आजार अंगावर आला की शरीर कॉर्टिसॉल, ॲड्रिनलिन वगैरे सोडतं, ती सगळी शुगर वाढवणारी, आणि इन्सुलिनचा परिणाम बोथट होतो. म्हणजे फ्लूने शुगर वाढते. मग वाढलेल्या शुगरमध्ये आपल्या पांढऱ्या पेशी सुस्तावतात, जंतूपर्यंत वेळेत पोचत नाहीत, पोचल्या तरी गिळत नाहीत, मग फ्लूने सोललेल्या श्वासनलिकेत न्यूमोकोकस, स्टॅफ असले बॅक्टेरिया घुसतात आणि त्यातून न्यूमोनिया. तुम्ही ऐकलं असेल की ‘फ्लू बरा होत आला होता आणि मग अचानक पुन्हा ताप आला’, ते बरेचदा हेच असतं. दोन दिवस बरं वाटून पुन्हा ताप-धाप ही अजिबात हलक्यात घ्यायची गोष्ट नाही.

यात दोन गोष्टी आपण बाहेरून टाकतो. एक स्टेरॉइड. दमा, सीओपीडी (फुप्फुसांचा जुना धापेचा आजार) असेल किंवा बीपी फारच उतरलं तर ते द्यावं लागतं, पण नुसत्या फ्लूसाठी स्टेरॉइड देऊ नये असंच आता मानलं जातं. दिलं तर शुगर दुपारनंतर आणि संध्याकाळी उसळते, सकाळची उपाशी शुगर चांगली दिसते आणि सगळे खूश. तेव्हा स्टेरॉइड चालू असेल तर संध्याकाळचा आकडा विचारा. दुसरी आपली लाडकी सलाईन. गावात ‘एक बाटली चढवा, तरतरी येईल’ म्हणून जी लावून घेतात ती कितीदा तरी डीएनएस असते, पाच टक्के ग्लुकोजवाली, ५०० मिलिलिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज म्हणजे पाच-सहा चमचे साखर थेट शिरेत. शुगर ४०० असलेल्या माणसाला. हॉस्पिटलात जेवण बंद असताना ग्लुकोज आणि इन्सुलिन मुद्दाम जोडीने देतात ते वेगळं, त्यात हिशोब असतो.

आता १७५ चं. पूर्वी आम्हालाही वाटायचं आयसीयूत शुगर अगदी नॉर्मल ठेवली तर पेशंट जास्त वाचतील. मग २००९ मध्ये नाइस-शुगर नावाचा मोठा अभ्यास आला, सहा हजारांवर आयसीयूतले पेशंट, अर्ध्यांची शुगर ८१ ते १०८ मध्ये दाबून ठेवली, अर्ध्यांची १८० च्या खाली. दाबून ठेवलेल्या गटात मृत्यू जास्त निघाले, २७.५ टक्के, दुसऱ्या गटात २४.९. आणि शुगर धोकादायक खाली जाण्याचे प्रकार तर कितीतरी जास्त. तेव्हापासून ऍडमिट असलेल्या बहुतेक पेशंटमध्ये १४० ते १८० हेच लक्ष्य धरतात. तुमच्या बाबांची १६०-१७५ म्हणजे नेमकी हवी तिथे आहे. विचार करा, माणूस ग्लानीत आहे, जेवण अर्धंच जातंय, आणि रात्री दोन वाजता शुगर ५० झाली तर त्याला घाम आलाय, चक्कर येतेय हे सांगणार कोण? म्हातारपणी शुगर वाढण्याला मी घाबरतेच, पण रात्री उतरण्याला त्याहून जास्त.

ज्यांना आधी शुगर नव्हतीच आणि आत्ता दाखल झाल्यावर २५० निघाली त्यांनी एचबीए१सी करून घ्या. ती मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब सांगते, चार दिवसांच्या तापाने बदलत नाही. ६.५ किंवा वर आली तर शुगर आधीपासूनच होती, कुणी तपासली नव्हती इतकंच.

प्रश्न : ह्यांना (७३) फ्लू-न्यूमोनियाने ९ दिवस ऍडमिट केलं होतं. तिथे सगळ्या गोळ्या बंद करून इन्सुलिन दिलं, दिवसातून चारदा टोचायचे. घरी सोडताना पण इन्सुलिन लिहून दिलंय. आता जन्मभर टोचत बसायचं का? आमच्या जाऊबाई म्हणतात एकदा सुरू केलं की सुटत नाही. आणि काल पहाटे ह्यांना दरदरून घाम आला, हात थरथरत होते, साखर-पाणी दिल्यावर बरं वाटलं.
(कोल्हापूर)

उत्तर : काकू, शेवटचं वाक्य पहिल्यांदा. पहाटेचा घाम म्हणजे शुगर उतरलेली होती आणि तुम्ही साखर-पाणी दिलंत ते उत्तम केलंत. आज, उद्या नाही, डॉक्टरांना फोन करा आणि डोस कमी करून घ्या. आजारात शरीराला जास्त इन्सुलिन लागत होतं, आता इन्फेक्शन ओसरलंय, स्टेरॉइड चालू असेल तर तेही थांबलं असेल, घरचं खाणं अजून निम्मंच आहे, मग हॉस्पिटलातला डोस घरी जड होणारच. डिस्चार्जनंतरचे पहिले दोन आठवडे दिवसातून तीन-चारदा शुगर बघा, त्यात एकदा झोपायच्या आधी, आणि वहीत लिहा. आठवड्याने दाखवायला जाल तेव्हा ती वही न्या, फाइलपेक्षा तीच जास्त कामाची.

गोळ्या बंद केल्या कारण आजारपणात त्याच गोळ्या उलटतात. मेटफॉर्मिन चांगलं औषध आहे, पण ऑक्सिजन कमी, बीपी कमी, किडनीवर ताण अशा वेळी रक्तात लॅक्टिक ॲसिड साचण्याची भीती असते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या नव्या गोळ्या लघवीतून साखर काढतात. माणूस खात नसेल, उलट्या होत असतील तर त्यात कीटोन, म्हणजे रक्त आंबट करणारी आम्लं, धोकादायक वाढतात आणि गंमत म्हणजे, गंमत कसली, शुगर २०० च्या आसपासच दिसते म्हणून कुणाला शंकाही येत नाही. ग्लिमेपिराइडचं उलट, जेवण गेलं नाही तरी ती गोळी आपलं काम करत राहते आणि शुगर पाडते, किडनी कमजोर असेल तर दिवसभर पाडत राहते. इन्सुलिन तेवढं जेवणाप्रमाणे, दिवसाप्रमाणे कमी-जास्त करता येतं, म्हणून हॉस्पिटलात इन्सुलिन.

जाऊबाईंना सांगा, सुटतं. आधी गोळ्यांवर शुगर बरी असेल तर बरेच लोक काही आठवड्यांत परत गोळ्यांवर येतात. ज्यांची आधीपासूनच एचबीए१सी दहा-अकरा होती त्यांना इन्सुलिन चालू ठेवावं लागेल, पण ते या फ्लूमुळे नाही, ते तसंही लागणारच होतं.

पुढे कधी घरीच ताप-खोकला आला तर काय हे आत्ताच, बरं असताना, डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. कुठली गोळी थांबवायची, कुठली नाही, शुगर किती झाली की फोन करायचा. ढोबळ नियम असा की ज्यांना इन्सुलिन आहे त्यांनी जेवत नाही म्हणून इन्सुलिन मनाने पूर्ण बंद करायचं नाही, डोस विचारायचा. दर चार तासांनी शुगर बघायची, पाणी-ताक-पेज घोट घोट चालू ठेवायचं. ज्यांना हृदयासाठी किंवा किडनीसाठी पाणी मोजून सांगितलंय त्यांनी तेही विचारूनच.

प्रश्न : सासऱ्यांना फ्लूतून घरी आणलं आणि पाचव्या दिवशी हार्ट अटॅक आला. डॉक्टर म्हणाले फ्लूमुळे असू शकतं. असं असतं का, की नुसतं सांगायचं म्हणून?
(ठाणे)

उत्तर : असतं. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातला २०१८ चा एक चांगला अभ्यास आहे, फ्लू पक्का झालेल्या माणसांना त्यानंतरच्या सात दिवसांत हार्ट अटॅक येण्याचं प्रमाण इतर वेळच्या सहापट निघालं. इन्फेक्शनमुळे रक्त गोठण्याकडे झुकतं, रक्तवाहिनीत आधीच असलेला चरबीचा थर फुटतो, वर हृदय जोरात पळतंय आणि ऑक्सिजन कमी. शुगरवाल्यांमध्ये ते थर आधीपासून जास्त असतात आणि नसा बधिर झाल्याने छातीत दुखेलच असं नाही, नुसता घाम, धाप, जीव घाबरा होणं एवढ्यावरच अटॅक येतो. म्हणून फ्लूनंतरच्या पहिल्या आठवड्यात असं काही झालं तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणायचं नाही, ईसीजी काढायचा. रक्त पातळ करायची, कोलेस्टेरॉलची गोळी आजारपणात विसरली असेल तर ती परत सुरू करायची का हेही त्याच दिवशी विचारा.

प्रश्न : पेशंटला भेटायला रोज पाच-सात माणसं येतात, डबे येतात, नारळपाणी येतं. नाही म्हटलं तर नातेवाईक रागावतात. काय करावं?
(सांगली)

उत्तर : रागावू देत. फ्लू लक्षणं यायच्या आधल्या दिवसापासून पुढे पाच-सात दिवस पसरतो, ऍडमिट असलेल्या म्हाताऱ्यांच्या बाबतीत त्याहूनही जास्त दिवस. म्हणजे भेटायला येणारी आत्या फ्लू घेऊन घरी जाणार आणि तिच्या घरी पण एक मधुमेही मामंजी आहेत. उलटंही होतं, आत्याच शेजारच्या कॉटसाठी काहीतरी घेऊन येते. एकच माणूस थांबा, मास्क लावा, हात धुवा, बाकीच्यांना व्हिडिओ कॉल.

डब्याचं म्हणाल तर सिस्टरला विचारल्याशिवाय भरवू नका, कारण इन्सुलिन जेवणाच्या वेळेला बांधलेलं असतं आणि मध्येच कुणी खिमटात गूळ घालून भरवला की पुढचा आकडा पाहून डोस वाढतो. ग्लानीत असलेल्या माणसाला तर आडवं ठेवून काहीच भरवायचं नाही, घास श्वासनलिकेत जातो. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं, किडनी कमजोर आणि बीपीची काही औषधं चालू असतील तर ते वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात, त्यामुळे ‘नारळपाणी तर चांगलंच’ हे इथे चालत नाही.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असते, आईबाबा पुण्यात, दोघंही सत्तरीच्या पुढे, बाबांना शुगर. बाबा मागच्या महिन्यात फ्लूने ऍडमिट होते. आता होऊन गेलाय तर लस घ्यायची गरज आहे का? इथे ६५ च्या वरच्यांना हाय डोस लस देतात, ती तिकडे मिळते का? आणि ते हिवाळ्यात इकडे येणार आहेत, तर कुठे घ्यायची?
(पुण्याची, सध्या एडिसन)

उत्तर : घ्यायची. बाबांना झाला तो एका प्रकारचा फ्लू, लशीत तीन असतात, दोन ए आणि एक बी. चार प्रकारांचीही होती, पण त्यातला दुसरा बी, नाव यामागाता, २०२० च्या मार्चनंतर जगात कुठे पक्का सापडलेला नाही म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने तो वगळायला सांगितलं. ताप गेला, तब्येत सावरली की लस घेता येते. लशीमुळे फ्लू होत नाही, आपल्याकडची इंजेक्शनची लस मेलेल्या व्हायरसची असते, दंड दुखतो, एखादा दिवस कणकण वाटते. परिणाम यायला साधारण दोन आठवडे लागतात.

इंजेक्शन घेऊनही फ्लू झाला म्हणून लस फसवी असं बरेच लोक म्हणतात. मी तसं बघत नाही. म्हाताऱ्यांमध्ये ही लस तरुणांइतकी जोरकस चालत नाही हे मान्य, म्हणूनच तुमच्याकडे हाय डोस आली, नेहमीच्या चौपट मात्रेची. साध्या डोसशी तुलना केली तेव्हा ६५ च्या वरच्यांमध्ये तिने फ्लू २४ टक्क्यांनी कमी केला. अमेरिकेत २०२२ पासून या वयाला अशा जास्त ताकदीच्या लशीच आधी द्या म्हणतात. पुण्यात मिळतेय का हे तिथल्या डॉक्टरांना विचारा, नसेल तर साधी घ्या, हाय डोससाठी थांबून अख्खा सीझन बिनलशीचा काढू नका.

वेळेचं गणित तुमचं जरा वेगळं आहे. अमेरिकेत फ्लू हिवाळ्यातला. महाराष्ट्रात मोठी लाट पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, आणि दुसरी छोटी जानेवारी ते मार्च. म्हणून इथे राहणाऱ्यांनी लस पावसाळ्याआधी, मे-जूनमध्ये घ्यावी. आईबाबा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तुमच्याकडे येणार असतील आणि या वर्षीची लस घेतली नसेल तर निघायच्या किमान दोन आठवडे आधी इथे घ्या, विमानात आणि विमानतळावर खोकणारे काही कमी नसतात. मे-जूनमध्ये घेतलेली असेल तर संरक्षण हळूहळू उतरत जातं, तिकडच्या सीझनची आणखी एक घ्यायची का ते तिकडच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. न्यूमोकोकसची, म्हणजे न्यूमोनियाची लसही याच निमित्ताने विचारा, ती दरवर्षी लागत नाही.

ज्यांना खर्च परवडत नाही त्यांच्यासाठी: महाराष्ट्रात २०१५ नंतर गरोदर महिला, मधुमेह आणि बीपीचे रुग्ण यांना सरकारी दवाखान्यात ही लस मोफत दिली गेलीये. साठा प्रत्येक वेळी असेलच असं नाही, जवळच्या सरकारी हॉस्पिटलात जाऊन विचारा, लोक विचारत नाहीत म्हणून मागवली जात नाही असंही होतं.

प्रश्न : खोकला सुरू झाला की मेडिकलमधून तीन दिवसांची अझिथ्रो आणून घेतो, गुण येतो. फ्लूला चालते का?
(बार्शी, वय ६८, शुगर ‘थोडीशी’)

उत्तर : नाही. फ्लू व्हायरसचा, अझिथ्रोमायसिन बॅक्टेरियाचं. गुण येतो कारण साधा व्हायरल तसाही तीन-चार दिवसांत ओसरतो. मार्च २०२३ मध्ये एच३एन२ ची लाट होती तेव्हा आयएमएने, म्हणजे डॉक्टरांच्याच संघटनेने, जाहीर पत्रक काढून सांगितलं होतं की अशा तापात अँटिबायोटिक घेऊ नका, देऊ नका. तुमच्या बाबतीत तोटा दुहेरी आहे. त्या तीन दिवसांच्या भरवशावर तुम्ही घरी बसता आणि वर सांगितलेले ४८ तास त्यातच जातात. खोकल्याचं गोड सिरप घेत असाल तर बिनसाखरेचं मागा, आणि नाक मोकळं करणाऱ्या गोळ्यांनी बीपी-शुगर दोन्ही वाढू शकतात. वय ६८ आणि शुगर, थोडीशी असो की भरपूर, तुम्ही ब गटात आहात.

प्रश्न : आजी घरी येऊन तीन आठवडे झाले. रिपोर्ट सगळे चांगले, पण खुर्चीतून उठवत नाही. टॉनिक कुठलं द्यावं?
(रत्नागिरी)

उत्तर : टॉनिक नको. आठ-दहा दिवस कॉटवर पडून राहिलं की या वयात मांड्यांचे स्नायू भराभर वितळतात आणि ते बाटलीने परत येत नाहीत. दोन गोष्टी लागतात. जेवणात प्रथिनं: अंडं, मासे चालत असतील तर मासे (रत्नागिरीत आहात, तर प्रश्नच नाही), नाहीतर घट्ट वरण, पनीर, दही. किडनीचा त्रास असेल तर किती द्यायची ते विचारून. आणि हालचाल: हात धरून खुर्चीतून उठवायचं-बसवायचं, आधी पाचदा, जमलं की दहादा, दिवसातून तीन वेळा, फिजिओथेरपिस्ट मिळाला तर उत्तमच. शुगरची वही त्याच वेळी बघा, चालणं वाढलं की शुगर उतरते, गोळी कमी करावी लागेल. आणि आज अंघोळीच्या वेळी दोन्ही टाचा उचलून नीट बघा, हॉस्पिटलात टाचेला पडलेला काळपट डाग शुगरवाल्यांना दुखत नाही, तो असेल तर उद्याच सर्जनला दाखवा.